कुम्हारीला नेलेला टेलिफोन-दिवा

काकांची पंचाहत्तरी जवळ आली होती आणि मला भेट सुचत नव्हती. शाल-श्रीफळ त्यांना आवडत नाही, मिठाई डॉक्टरांनी बंद केली आहे आणि शर्ट मावशीच घेते. शेवटी एका शनिवारी मी चोर बाजाराची वाट धरली.

चोर बाजार म्हणजे मुंबईत भेंडीबाजाराला लागून असलेला मटण स्ट्रीट आणि त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्या. मूळ नाव 'शोर बाजार', साहेबाच्या तोंडी त्याचं 'चोर' झालं, असं सांगतात. ग्रामोफोनचे कर्णे, जहाजावरचे कंदील, हिंदी सिनेमांची जुनी पोस्टरं, चिनीमातीच्या बरण्या, बंद पडलेली घड्याळं असं सगळं तिथे एकावर एक रचलेलं असतं. एका दुकानाच्या काचेत मला तो दिसला. काळा, जाडजूड, गोल डायलचा टेलिफोन. त्याच्या डोक्यातून पितळेची नळी वर आली होती आणि नळीवर पिवळट कापडाची टोपी.

दुकानदारानं रिसीव्हर उचलला, दिवा लागला. रिसीव्हर ठेवला, दिवा विझला. मी तिथेच ठरवलं. काकांनी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात काढलेली. १९७२ साली मेकॅनिक म्हणून लागले ते साठाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत खांब, तारा आणि फोन हेच त्यांचं जग. अशा माणसाला याहून चांगली भेट कोणती? थोडी घासाघीस केली, वर्तमानपत्रात गुंडाळून घेतला आणि घरी आले.

रुळांच्या गावावरून

नागपूरमार्गे जाणारी हावडा मेल रात्री मुंबईहून सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर दुर्गला पोचते. दिवा मी बर्थवर उशाशी घेऊन झोपले. दुर्गला उतरून रायपूरकडे जाणारी लोकल पकडली.

दुर्ग ते कुम्हारी हा प्रवास छोटा, पण खिडकी सोडवत नाही. भिलाई नगर, भिलाई पॉवर हाऊस, भिलाई अशी स्टेशनं येतात आणि मध्ये पोलाद कारखान्याच्या चिमण्या दिसत राहतात. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. देशभर आपण ज्या रुळांवरून फिरतो, त्यातले कितीतरी इथेच घडलेले. पुढे चरोद्याचं मालगाड्यांचं मोठं यार्ड लागतं, मग देवबलौदा आणि मग कुम्हारी.

कुम्हारी हे भिलाई आणि रायपूर यांच्यामधलं गाव. जिल्हा दुर्ग. पलीकडे खारुन नदी ओलांडली की रायपूर जिल्हा सुरू होतो. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा हमरस्ता, ट्रकांची न संपणारी रांग, आणि आत वळलं की तळं, पिंपळ आणि शांत गल्ल्या. नाव ऐकलं की कुंभाराचं चाक आठवतं.

या भागात मराठी घरं नवी नाहीत. नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकात इथवर पोचली होती, बिंबाजी भोसले रतनपूरला राहून छत्तीसगडचा कारभार बघत. रायपूरचं महाराष्ट्र मंडळ १९३५ पासूनचं. नंतर रेल्वे, पोलाद कारखाना आणि सरकारी नोकऱ्यांच्या निमित्तानं विदर्भातून बरीच कुटुंबं आली. काका-मावशी त्यांच्यापैकीच. मावशीच्या स्वयंपाकघरात एका डब्यात चकली असते आणि शेजारच्या डब्यात ठेठरी-खुरमी. सकाळी पोहे, संध्याकाळी तांदळाचा फरा. घरात मराठी, दारात हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी.

काकांनी रिसीव्हर कानाला लावला

वाढदिवसाच्या दिवशी दुपारची जेवणं झाली. मी पुडकं काकांपुढे ठेवलं. त्यांच्या दहा वर्षांच्या नातीनं कागद टराटरा फाडला. फोन बघून काकांचा चेहरा उजळला. मग नळी दिसली.

"पिन लावा आणि रिसीव्हर उचला," मी उत्साहानं म्हटलं.

त्यांनी उचलला. दिवा लागला, नातीनं टाळ्या वाजवल्या. काकांनी मात्र रिसीव्हर कानाला लावला. काही क्षण तसाच धरून ठेवला आणि खाली ठेवला.

"छान आहे," ते म्हणाले. मावशीनं माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात मला कळलं की काहीतरी चुकलं आहे.

संध्याकाळी ते पेचकस घेऊन बसले. खालची पत्र्याची तबकडी काढली आणि फोन माझ्यापुढे उलटा केला. आत काहीच नव्हतं. एक वायर, दोन सोल्डर केलेले टाके आणि थोडा गोंद.

"अगं, इथे घंटा असते," ते म्हणाले. "पितळेच्या दोन वाट्या, मधे छोटा हातोडा. इथे कॉइल. इथे कंडेन्सर. डायल बघ, नुसती वरची चकती चिकटवली आहे, मागचं यंत्र काढून टाकलंय. आणि हे भोक." त्यांनी डोक्यावरच्या भोकाभोवती बोट फिरवलं. भोकापासून केसाएवढी बारीक चीर निघाली होती. "बेकेलाइट आहे हे. एकदा तडा गेला की गेला."

बेकेलाइट हे लिओ बेकलँड या रसायनतज्ज्ञानं १९०७ साली शोधलेलं प्लॅस्टिक. आपल्या बादल्या-मगांचं प्लॅस्टिक तापवलं की वितळतं, पुन्हा ओतता येतं. बेकेलाइटचं तसं नाही. साच्यात एकदा घट्ट झालं की कितीही तापवा, वितळत नाही. कडक, चकचकीत, वीज वाहून न नेणारं, त्यामुळे फोनसाठी उत्तम. पण ठिसूळ. त्यात पाडलेलं भोक बुजवता येतं, भरून येत नाही.

मग काकांनी डायलच्या मधोमध असलेल्या छोट्या गोल कागदाकडे बोट दाखवलं. जुन्या फोनवर त्या जागी घरचा नंबर लिहिलेला असायचा. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. फिकट निळ्या शाईत सहा आकड्यांचा मुंबईचा नंबर होता, शेवटचे दोन आकडे पुसलेले.

"कुणाचं तरी घर आहे हे," काका म्हणाले.

कट-कट-कट करणारं यंत्र

काकांच्या घराच्या मागच्या खोलीत सात फोन आहेत. ही खोली मी पूर्वीही पाहिली होती, पण 'काकांचा पसारा' म्हणून. या वेळी नीट पाहिली.

हे फोन त्यांनी रायपूर-दुर्गच्या भंगारवाल्यांकडून एकेक करून मिळवले. तुम्हाला आठवत असेल, पूर्वी फोन आपल्या घरात असला तरी खात्याच्या मालकीचा असायचा. कनेक्शन सोडलं की उपकरण परत. निकामी झालेले संच लिलावात निघायचे आणि भंगारात जायचे. म्हणून इतकी वर्षं घराघरात असलेली ही वस्तू आज घरात सापडत नाही.

काकांनी एका फोनचं झाकण उघडून डायल फिरवून दाखवली. आपण पाच नंबरच्या भोकात बोट घालून डायल ओढतो तेव्हा आत स्प्रिंग ताणली जाते. बोट सोडलं की डायल ठरावीक वेगानं परत येते आणि येताना तारेतला प्रवाह पाच वेळा तोडते. शून्याला दहा वेळा. सेकंदाला साधारण दहा ठोके. पलीकडे एक्स्चेंजमध्ये त्या ठोक्यांनुसार स्विच एकेक पायरी वर चढायचा. ही पद्धत काढली आल्मन स्ट्राउजर या अमेरिकन माणसानं. धंद्यानं तो अंत्यविधीची व्यवस्था करणारा, आणि त्याला पेटंट मिळालं १८९१ साली.

"एक्स्चेंजमध्ये शिरलं की पावसासारखा आवाज," काका सांगत होते. "कट-कट-कट. सगळं गाव बोलतंय, हे नुसत्या आवाजावरून कळायचं. दुपारी दोनला सामसूम, संध्याकाळी सातला धो धो."

बोलण्याच्या बाजूला रिसीव्हरमध्ये कोळशाचे बारीक कण असतात. आपल्या आवाजानं पडदा हलतो, कण दाबले जातात, सुटतात, आणि त्याप्रमाणे प्रवाह कमी-जास्त होतो. दमट हवेत हे कण एकमेकांना चिकटायचे. म्हणून आपले आजोबा फोन तळहातावर आपटून पुन्हा 'हॅलो' म्हणायचे. ती चिडचिड वाटायची, पण ती खरोखरची दुरुस्ती होती.

आणि डायलला लावायचं ते छोटं कुलूप? ट्रंक कॉलचं बिल वाढू नये म्हणून वडीलमंडळी लावायची. "पोरं त्याच्या वरताण," काका हसले. "रिसीव्हर ठेवायची कळ असते ना, तीच बोटानं टकटक दाबायची. पाच वेळा दाबली की पाच. प्रवाह तुटला की झालं, डायलनं तुटो की बोटानं." नातीला हे इतकं आवडलं की अर्धा तास ती कळच दाबत बसली.

भारतात टेलिफोन आला तो १८८२ साली. त्या वर्षी जानेवारीत कोलकाता, मुंबई आणि मद्रास इथे एक्स्चेंज सुरू झाली. तेव्हा डायल नव्हती, उचललं की ऑपरेटर नंबर विचारायचा. देशातलं पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज सिमल्याला, १९१३-१४ मध्ये. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, बेंगळुरूला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज उभी राहिली आणि देशात फोन बनू लागले. १९६० साली लखनौ-कानपूर दरम्यान पहिली एसटीडी सेवा सुरू झाली. तरीही घरी फोन मिळायला वर्षानुवर्षं लागायची. फोन लागला की पेढे वाटले जायचे आणि अख्खी गल्ली त्याच्यावर बोलायला यायची.

काकांनी एक आठवण सांगितली. श्रावणातली रात्र, धो धो पाऊस. एका घरचा फोन दुपारपासून बंद. मुलगी दुसऱ्या शहरात बाळंतपणाला, घरात नुसते म्हातारे आई-वडील. काका खांबावर चढले, सांधा जोडला आणि फोन तपासायला घरात गेले. तपासत असतानाच घंटा वाजली. "मीच उचलला गं. पलीकडून जावई म्हणाला, मुलगी झाली. पहिल्यांदा मलाच कळलं." ते थांबले. "तसलाच फोन होता तो. काळा."

सूनबाईंचं म्हणणं

रात्री जेवताना हा विषय निघालाच. सूनबाई रायपूरला नोकरी करते, घर सुंदर ठेवते. तिनं सरळ विचारलं, "पण बाबा, दिवा केला नसता तर तो फोन आज कुठे असता?"

काका गप्प. कारण उत्तर त्यांना माहीत होतं. भंगारात आलेल्या फोनची घंटा पितळेसाठी काढतात, कॉइल तांब्यासाठी. बेकेलाइट वितळत नाही, म्हणजे भंगारवाल्याला त्याची किंमत शून्य. ते फुटून कचऱ्यात जातं.

"दिवा झाला म्हणून निदान दिसतो तरी," ती म्हणाली. "आमच्या ऑफिसमधल्या पोरांनी असला फोन बघितलेलाच नाही. दिवा बघून विचारतील तरी, हे काय आहे म्हणून."

"खरं आहे तुझं," काका म्हणाले. "मोडका असेल तर कर ना दिवा. माझी ना नाही. पण चालू असलेला फोन आतून रिकामा करतात, ते बघवत नाही. माझ्याकडे तीन फोन नुसते एका डायलसाठी अडून आहेत. ती डायल कुणीतरी फेकून दिली असणार, का, तर आत वायरला जागा हवी."

जुन्या फोनचे शौकीन मुंबईत असोत, पुण्यात असोत की परदेशात, सगळ्यांची तक्रार साधारण हीच असते. दिव्याला त्यांचा विरोध नसतो. नवे भाग आता बनत नाहीत, त्यामुळे रिकामा केलेला प्रत्येक फोन म्हणजे दुसरा एखादा फोन दुरुस्त होण्याची गेलेली संधी.

गंमत अशी की बाजारात जे पितळी, नक्षीदार, उभ्या दांड्याचे 'राणीच्या काळातले' फोन दिसतात, त्यातले पुष्कळसे आजकाल बनवलेले असतात. शोभेची पितळी वस्तू म्हणून ते घडवतात आणि जुने म्हणून खपवतात. दिवा करायचा तर त्यांचा करावा, कुणाचंच नुकसान नाही. पण साधा, काळा, सरकारी फोन जुना वाटत असूनही किमती वाटत नाही. म्हणून भोक त्यालाच पडतं.

वीज गेली

त्याच रात्री वादळ आलं. छत्तीसगडमधलं जूनच्या सुरुवातीचं वादळ म्हणजे आधी धूळ, मग आंब्यांचा सडा, मग पाऊस. साडेनऊला वीज गेली. दिवाणखान्यात मी आणलेला दिवा लागलेला होता, तो विझला.

अंधारात काकांचा आवाज आला, "चल, गंमत दाखवतो."

त्यांनी एक फोन खाली ओट्यावर ठेवला आणि दुसरा वरच्या मजल्यावर. दोन्हींमध्ये वायर आणि स्कूटरची एक बॅटरी. वर नातीला बसवलं. एवढ्याशा बॅटरीनं घंटा वाजत नाही, तिला एक्स्चेंजमधून येणारा पाऊणशे व्होल्टच्या आसपासचा वेगळा प्रवाह लागतो. म्हणून नात जिन्यातून ओरडली, "उचला!"

मी उचलला. कानात खरखर झाली आणि मग अगदी जवळून आवाज आला, "हॅलो, कोण बोलतंय?"

मला काही सुचेना. हातात वजनदार रिसीव्हर, बाहेर कडकडाट, आणि कानात त्या पोरीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. "मी मुंबईची मावशी बोलतेय," मी म्हटलं. पलीकडून खिदळण्याचा आवाज आला. मग मावशी बोलली, सूनबाई बोलली. सूनबाईंनी तर दहा मिनिटं फोन सोडला नाही.

काका म्हणाले, "आमच्या फोनला घरातली वीज कधी लागलीच नाही. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग असायची, अठ्ठेचाळीस व्होल्टची. तारेतूनच घराघरात वीज जायची. वादळात दिवे जायचे, पंखे जायचे, पण फोन चालायचा. डॉक्टरला, पोलिसाला, आगीच्या बंबाला त्याच वेळी फोन लागतो ना?"

मी अंधारात त्या दिव्याकडे बघितलं. वीज गेल्यावर ज्यानं चालायचं, तोच आता वीज गेल्यावर सगळ्यात आधी बंद पडला होता. काकांना दुपारी काय लागलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

देवबलौद्याचं देऊळ

सकाळी आकाश धुऊन निघालं होतं. काका म्हणाले, देवबलौद्याला जाऊ. कुम्हारीहून एकच स्टेशन मागे. तिथे कलचुरी काळातलं शंकराचं देऊळ आहे, शेजारी पायऱ्यांचं कुंड. भिंतींवर हत्ती, शिकारी, नर्तकी, वादक अशी शिल्पांची रांगच रांग. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. रायपूर-भिलाईला आलात तर अर्धा दिवस काढून नक्की जा, गर्दी नसते.

या देवळाला शिखर नाही. बांधणारा कारागीर काम अर्धं टाकून कुंडात उडी मारून नाहीसा झाला, अशी कथा सांगतात. ते काहीही असो, एवढ्या शतकांत कुणी त्याच्यावर आपलं नवं शिखर चढवलं नाही. आता ते भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. खिळा ठोकायलाही परवानगी लागेल.

"फोनला असा फलक कोण लावणार?" मी गमतीनं विचारलं.

प्रश्न गमतीचा असला तरी उत्तर तसं नाही. आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. त्यात वस्तूला पुरावस्तू म्हणायचं तर ती साधारणपणे किमान शंभर वर्षं जुनी असावी लागते. साठ-सत्तर वर्षांचा फोन या कायद्यात बसत नाही. त्याला फक्त एकच संरक्षण, ते म्हणजे ज्याच्या हातात तो आहे, त्या माणसाचं. शंभर वर्षं पूर्ण होईपर्यंत तो टिकायला तर हवा.

मला पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवलं. दिनकर केळकरांनी आयुष्यभर घरगुती वस्तू जमवल्या. अडकित्ते, कुलपं, दौती, पळ्या आणि तऱ्हेतऱ्हेचे दिवे. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं त्यांनी तो संग्रह केला आणि महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. वीस हजारांहून अधिक वस्तू. ज्या काळी त्यांनी त्या गोळा केल्या, त्या काळी लोक अडकित्त्याला 'अडगळ' म्हणत असणार. आज आपण तिकीट काढून बघतो.

तुमच्याकडे जुना फोन असेल तर

परतताना काकांनी मला चार गोष्टी सांगितल्या. त्या तुमच्यासाठीही लिहिते.

फोन हाती आला की आधी उघडून बघा. आत घंटा, कॉइल, डायलचं यंत्र शाबूत असेल तर दिव्याचा विचार सोडा. स्वच्छ पुसून तसाच ठेवा. दोन फोन असतील तर बॅटरीवर घरातल्या घरात बोलता येतं, मुलांना याहून छान खेळणं नाही. फक्त माहीतगार माणसाकडून जोडून घ्या.

दिवा करायचाच असेल तर आधीच फुटलेला, रिकामा झालेला किंवा नवा शोभेचा फोन निवडा. भोक पाडू नका. फोनच्या मागे वायरसाठी मूळची जागा असते, तीच वापरा, किंवा फोन शेजारी ठेवून दिवा वेगळ्या लाकडी पाटावर बसवा. उद्या कुणाला वाटलं तर फोन पुन्हा फोन करता यायला हवा.

आतले भाग काढले तर फेकू नका. पिशवीत घालून त्याच फोनसोबत ठेवा, किंवा एखाद्या शौकिनाला द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरातली २३० व्होल्टची वीज फोनच्या कळीतून नेऊ नका. ती कळ अगदी कमी प्रवाहासाठी बनवलेली असते आणि खालचा पत्रा धातूचा. मी आणलेल्या दिव्यात नेमकं हेच केलं होतं. काकांनी त्याच दिवशी ते काढून मोबाइलच्या चार्जरवर चालणारा छोटा एलईडी बसवला.

पाचवी गोष्ट मी माझ्याकडून जोडते. फोन कुणाचा होता, कोणत्या गावात होता, नंबर काय होता, हे एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. हे आपल्या घरातल्या मोठ्यांना विचारायला अजून वेळ आहे.

परत मटण स्ट्रीटवर

मुंबईला आल्यावर पहिल्या रविवारी मी पुन्हा चोर बाजारात गेले. शुक्रवारी तिथली जुन्या वस्तूंची दुकानं बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा. तोच दुकानदार, तशीच काच. आत आता दुसरा टेलिफोन-दिवा होता.

मी विचारलं, "याच्या आतलं सामान काय करता?"

त्याला आधी कळेना. मग तो म्हणाला, "किलोनं जातं. तांबं वेगळं, पितळ वेगळं." मी काकांची गोष्ट सांगितली. अडून बसलेल्या तीन फोनांची. तो ऐकत राहिला, मग माळ्यावर चढला आणि गोणपाटाची एक पिशवी ओढत खाली आला. आत डायली, घंटा, कळा, गुंतलेल्या वायरी. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघं शोधत बसलो. काकांना व्हिडिओ कॉल लावला. ते मोबाइलच्या पडद्यातून सांगत होते, "ती नको. ती पण नको. हां, ती, ती! फिरवून दाखव."

मी बोट घालून शून्य फिरवलं आणि सोडलं. डायल हळूहळू, एका लयीत परत आली.

"चालते," काका म्हणाले.

तीन चांगल्या डायली निघाल्या. दुकानदारानं भंगाराच्या भावानंच दिल्या, आणि पुढचं सामान किलोवर घालायच्या आधी फोन करीन म्हणाला. त्यानं माझा नंबर एका कागदावर लिहून घेतला आणि काचेवर चिकटवला.

मी नेलेला दिवा कुम्हारीच्या दिवाणखान्यात अजून आहे. नात त्याच्या उजेडात अभ्यास करते. डायलच्या मधला तो सहा आकड्यांचा कागद काकांनी काढला नाही, उलट त्यावर पारदर्शक पट्टी लावली, म्हणजे उरलेले चार आकडे तरी पुसले जाणार नाहीत.